किरणे कमरेशी का थांबली? : भक्ती आणि जाणण्याची ओढ

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी पाचनंतर कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात जी शांतता पसरते, ती एरवीच्या गर्दीत कधी अनुभवायला मिळत नाही. आतले दिवे मालवलेले असतात, दर्शनाची रांग बाजूला थांबवलेली असते, महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंतची वाट मोकळी ठेवलेली असते आणि पश्चिमेकडून आलेला तांबूस उजेडाचा एक पट्टा गरुड मंडप, गणपती चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असा टप्प्याटप्प्याने आत सरकत जातो. तो देवीच्या चरणांना लागला की हात आपोआप जोडले जातात आणि पुढची काही मिनिटे सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीवर खिळतात : किरणे आता गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली, आज चेहऱ्यापर्यंत पोहोचतील का?

हा किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो. ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती आणि तिसऱ्या दिवशी मुख अशी परंपरेने सांगितलेली मांडणी आहे, पण प्रत्यक्षात दरवर्षी तसे घडतेच असे नाही. कधी ढग येतात, कधी क्षितिजावर धूळ आणि बाष्प साचलेले असते, तर कधी किरणे कमरेपर्यंत येऊन अचानक विझतात.

माझी आजी या संध्याकाळी कधी चुकवत नसे. तिच्याकडे दुधाच्या हिशेबाची एक वही होती आणि त्या वहीच्या मागच्या पानांवर ती किरणोत्सवाची नोंद करीत असे. नोंदी अगदी त्रोटक असत : ‘चरण. ढग.’, ‘गुडघे. पावणेसहा.’, ‘मुख. सव्वासहा. आईची कृपा.’ एका वर्षी किरणे कमरेशीच थांबली, तेव्हा शेजारच्या काकू हळहळून म्हणाल्या, की देवी रागावली असणार. आजीने चटकन उत्तर दिले, “आई कशाला रागावंल? वाटंत कोण आडवं आलंय ते बघा की.” नमस्कार झाल्यावर ती महाद्वारापाशी आली आणि कपाळावर आडवा हात धरून पश्चिमेच्या छपरांकडे बराच वेळ पाहत उभी राहिली.

भक्ती आणि चिकित्सा यांचे हाडवैर आहे, असे आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. भक्त असेल तो प्रश्न विचारणार नाही आणि प्रश्न विचारील त्याची भक्ती पातळ असणार, असा हा हिशेब आहे. मला तो अनुभवाशी जुळत नाही असे वाटते. ज्याच्यावर आपले प्रेम असते त्याच्याविषयीची ढोबळ माहिती आपल्याला पुरत नाही. आईला मुलाच्या खोकल्यातला फरक दुसऱ्या खोलीतून कळतो, कारण तिचे लक्ष तिथे लागलेले असते. देवावरच्या प्रेमातही हेच लक्ष असते आणि ते पुरेसे टिकले तर माणसाला नेमकेपणाकडे नेते. हे कसे घडते ते समजून घ्यायला आजीने पाहिलेल्या त्या छपरांपासूनच सुरुवात करू.

कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १६.७ अंशांवर आहे. सूर्य ठीक पश्चिमेला मावळतो तो वर्षातून दोनदाच, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. सप्टेंबरनंतर त्याची मावळण्याची जागा रोज थोडी दक्षिणेकडे सरकते, २१ डिसेंबरच्या सुमारास ती दक्षिणेचे टोक गाठते आणि मग परतीला लागते. किरणोत्सवाच्या दिवसांत कोल्हापुरातून पाहिले तर सूर्य पश्चिमेपासून साधारण १८ अंश दक्षिणेकडे मावळतो. जाताना तो या जागेवर नोव्हेंबरात येतो आणि परतताना पुन्हा जानेवारीच्या अखेरीस येतो. बोटांवर मोजून पाहा : १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस होतात आणि तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. म्हणजे दोन किरणोत्सव ही एकाच वाटेवरची जातानाची आणि येतानाची भेट आहे. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकत असल्यामुळे आतला पट्टा दिवसागणिक किंचित उत्तरेकडे जातो, तर फेब्रुवारीत तो उलट दिशेने सरकतो. हे सरकणे रोज सुमारे तीन दशांश अंशाचे असते. ऐकायला ते नगण्य वाटते, पण शंभर मीटर लांबीच्या वाटेवर त्याचा अर्धा मीटर होतो, आणि म्हणूनच हा सोहळा महिनाभर न चालता मोजक्या दिवसांत आटोपतो.

आता किरणे वर का चढतात ते पाहू. सूर्य जितका खाली जाईल तितका त्याचा प्रकाश आडवा होतो, आणि आडवा झालेला प्रकाश दारातून अधिक खोलवर व अधिक उंचीपर्यंत पोहोचतो. म्हणून तो आधी उंबऱ्यावर पडतो, मग चरणांवर येतो आणि मग वर चढतो. मावळताना सूर्य एक अंश खाली यायला साधारण साडेचार मिनिटे लागतात. समजा, एखादे दार मूर्तीपासून साठ मीटरवर आहे. तर सूर्य एक अंश खाली आला की त्या दाराच्या चौकटीखालून येणारा प्रकाश मूर्तीवर सुमारे एक मीटर वर चढलेला असेल. देवीची मूर्ती साधारण तीन फुटांची आहे, म्हणजे चरणांपासून मुकुटापर्यंतचा सगळा प्रवास जेमतेम एका अंशाचा, चार-साडेचार मिनिटांचा ठरतो. आता याच हिशेबात एक अडथळा घालू. दोनशे मीटरवरच्या एखाद्या घरावर तीन मीटरांचा एक मजला चढला, तर जवळजवळ तेवढेच, म्हणजे एक अंशाहून थोडे कमी आकाश झाकले जाते. सूर्य अजून मावळलेला नसतो, पण देवळापुरता तो मावळलेला असतो, आणि पट्टा जिथे असेल तिथेच विझतो. आजी छपरांकडे पाहत होती ती अगदी योग्य जागी पाहत होती. पुढे या वाटेतल्या अडथळ्यांचा प्रश्न शहरात रीतसर चर्चेला आला, महाविद्यालयांतल्या अध्यापकांनी उपकरणे लावून किरणांची तीव्रता आणि उंची मोजली. आणि या सगळ्या मोजमापाच्या मुळाशी लाखो भाविकांची ‘आज मुखापर्यंत पोहोचतील का?’ ही साधी काळजीच होती, हे विसरता येत नाही.

त्या वहीने मला मात्र आणखी एका कोड्यात पाडले. नोव्हेंबरच्या नोंदींपुढे ‘पावणेसहा’च्या आसपासची वेळ असे आणि फेब्रुवारीच्या नोंदींपुढे ‘सव्वासहा’च्या आसपासची. मी तेव्हा महाविद्यालयात होतो आणि नुकतेच चार शब्द शिकल्याची घमेंड होती. सूर्य दोन्ही वेळा त्याच जागी असतो, तर घड्याळात अर्ध्या तासाचा फरक कसा पडेल, आजीचेच लिहिताना काही चुकले असणार, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, “मी आईसमोर उभी राहून लिवलंय, खोटं कशाला लिवीन?” तिच्या दृष्टीने तो पुरावा पूर्ण होता आणि खरे सांगायचे तर तो पूर्ण होताच. चूक माझी होती.

आपले घड्याळ सरासरीवर चालते. एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा खरा सूर्याचा दिवस मात्र वर्षभर नेमका चोवीस तासांचा नसतो, तो काही सेकंदांनी लहानमोठा होत राहतो आणि हे सेकंद साचत जातात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सुमारे सोळा मिनिटे पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला जवळजवळ साडेतेरा-चौदा मिनिटे मागे. दोन्ही मिळून अर्धा तास होतो. वहीतला तोच अर्धा तास. याला कारणे दोन आहेत. पृथ्वीचा आस कललेला आहे, हे एक. आणि पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट वर्तुळाकार नसून किंचित लंबवर्तुळाकार आहे, त्यामुळे जानेवारीत सूर्याजवळ असताना ती वेगाने पळते आणि जुलैत दूर असताना सावकाश चालते, हे दुसरे. म्हणजे दुधाच्या वहीतल्या दोन वेळांमध्ये पृथ्वीच्या कक्षेचा आकार दडलेला होता.

ही लंबवर्तुळाकार वाट ज्याने शोधली त्या योहानेस केप्लरची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. त्याला मुळात धर्मोपदेशक व्हायचे होते आणि ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात तो त्यासाठीच शिकत होता. गणिताच्या शिक्षकाची नोकरी त्याच्या वाट्याला आली तेव्हा तो प्रथम हिरमुसलाच होता. पुढे १५९५ साली आपल्या गुरूला लिहिलेल्या पत्रात त्याने कळवले, की मला धर्मशास्त्री व्हायचे होते, पण आता माझ्या परिश्रमांतून खगोलशास्त्रातही देवाचाच गौरव होतो आहे. या श्रद्धेचा त्याच्या कामावर काय परिणाम झाला, ते मंगळाच्या प्रकरणात दिसते. वर्तुळे धरून त्याने मंगळाच्या गतीचे एक गणित बसवले होते आणि ते ट्यूको ब्राहेच्या निरीक्षणांशी जवळजवळ जुळत होते. फरक उरला होता फक्त आठ कलांचा. एका अंशाच्या साठ कला होतात आणि सूर्याचे बिंब आपल्याला सुमारे बत्तीस कलांचे दिसते, तेव्हा हा फरक सूर्यबिंबाच्या जेमतेम पाव भागाएवढा होता. दुसऱ्या कुणी तो सोडून दिला असता. केप्लरचे म्हणणे असे, की देवाच्या कृपेने आपल्याला ब्राहेसारखा काटेकोर निरीक्षक लाभला, तर त्या देणगीचा मान राखून या आठ कलांकडे आपण डोळेझाक करता कामा नये. त्याने ते गणित मोडले, पुढे काही वर्षे मान मोडून काम केले आणि १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे दाखवून दिले. श्रद्धेमुळे तो उत्तराला घाईने कवटाळून बसला नाही; उलट, हाती आलेले उत्तर श्रद्धेमुळेच त्याला अपुरे वाटले.

आपल्या परंपरेने हे शब्दांत कसे मांडले आहे? गीतेच्या अठराव्या अध्यायात म्हटले आहे, की भक्तीने तो मला जाणतो, मी केवढा आहे आणि कोण आहे हे तत्त्वतः जाणतो. इथे भक्ती हे जाणण्याचे साधन म्हणून आले आहे, डोळे मिटून बसण्याचे कारण म्हणून नव्हे. चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याच्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. प्रणिपात म्हणजे लोटांगण. परिप्रश्न म्हणजे एखाद्या गोष्टीला चहूबाजूंनी विचारलेला प्रश्न. लोटांगण आणि सेवा यांच्या बरोबर मध्ये प्रश्नाला जागा दिलेली आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते, आणि प्रवचनांतून या श्लोकातल्या पहिल्या व शेवटच्या शब्दांवर जितका वेळ दिला जातो तितका मधल्यावर क्वचितच दिला जातो, अशी माझी थोडी तक्रारही आहे. सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत : संकटात सापडलेला आर्त, जाणू इच्छिणारा जिज्ञासू, काही मागणारा अर्थार्थी आणि ज्ञानी. ‘जिज्ञासू’ हा आपल्याला शाळेतला शब्द वाटतो, पण इथे तो भक्ताचे नाव म्हणून आला आहे.

मराठीतले याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झाली. पुढच्या जवळजवळ तीनशे वर्षांत ती हातोहात उतरून घेतली गेली. उतरून घेणाऱ्यांच्या चुका शिरल्या, न कळलेले शब्द बदलले गेले, कुणी भक्तिभावाने आपल्या पदरच्या ओव्याही घातल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी वेगवेगळ्या प्रतींतले पाठभेद तपासून शुद्ध प्रत तयार केली. या कामाला आज आपण पाठचिकित्सा म्हणतो आणि विद्यापीठात ती वेगळी शिकवतो. एकनाथांनी ती केली ती ग्रंथावरच्या आणि ग्रंथकर्त्यावरच्या निस्सीम प्रेमाने. प्रत शुद्ध केल्यानंतर यात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असे समजावे, असा इशाराही त्यांनी दिला. दोन्ही पक्ष भक्तच होते, हे इथे ध्यानात घ्यावे. ज्याने प्रेमाच्या भरात ओवी घुसवली तोही भक्त आणि ज्याने ती उचलून बाजूला ठेवली तोही भक्त. पण पहिल्याचे प्रेम स्वतःच्या उमाळ्यावर होते आणि दुसऱ्याचे मूळ शब्दावर, म्हणून दुसऱ्याला चिकित्सा करावीशी वाटली. नाथ स्वतः मोठे कवी होते, त्यांनी मनात आणले असते तर बेमालूम ओव्या रचता आल्या असत्या. ते मोह आवरून दुसऱ्याच्या अक्षराची राखण करीत बसले.

ही गोष्ट एकाच धर्मापुरती नाही. महाद्वारातून बाहेर पडून थोडे चालले, की बाबूजमाल दर्गा लागतो. नमाजाच्या वेळी मक्केकडे तोंड करायचे असते. पण गोल पृथ्वीवर मक्का नेमकी कोणत्या दिशेला आहे हे कसे ठरवायचे? कोल्हापुरातून ती दिशा ठीक पश्चिमेपासून सुमारे १४ अंश उत्तरेकडे येते, आणि सपाट नकाशावर नुसती रेघ ओढली तर कोन याहून बराच कमी भरतो. तोंड नेमके वळवता यावे, या इच्छेने मध्ययुगातल्या मुस्लिम गणितींनी गोलावरच्या त्रिकोणांचे गणित कितीतरी पुढे नेले. अल् बेरुनीने १०२५ च्या सुमारास गझनीसाठी हा हिशेब करण्याकरिता शहरांच्या अंतरांचा आणि अक्षांशांचा एक अख्खा ग्रंथच लिहिला. युरोपात अन्सेल्म नावाच्या मठवासी विचारवंताने १०७७-७८ च्या सुमारास देवाच्या अस्तित्वाविषयी एक छोटा ग्रंथ लिहिला आणि त्याला आधी जे नाव दिले होते त्याचा अर्थ ‘समजूत शोधणारी श्रद्धा’ असा होतो. गोनिलो नावाच्या दुसऱ्या एका मठवासी साधूने त्यातल्या युक्तिवादावर कडक आक्षेप घेतला, तेव्हा अन्सेल्मने उत्तर तर दिलेच, शिवाय यापुढे माझा ग्रंथ उतरवून घ्याल तर हा आक्षेप आणि माझे उत्तर सोबत जोडा, अशी सूचना केली. तो युक्तिवाद टिकतो की नाही यावर अजून वाद आहे. मला त्यापेक्षा ती सूचना अधिक आवडते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नारदाच्या भक्तिसूत्रांत भक्ती आणि ज्ञान यांच्या नात्याबद्दल तीन मते दिली आहेत. कुणी म्हणतात ज्ञान हे भक्तीचे साधन. कुणी म्हणतात दोन्ही एकमेकांच्या आधाराने वाढतात. आणि नारद स्वतः म्हणतात, की भक्ती हेच भक्तीचे फळ. पुढे दाखलाही मार्मिक आहे : राजवाड्याची आणि जेवणाची माहिती मिळाल्याने राजा प्रसन्न होत नाही की भूक भागत नाही. कोन, कला आणि मिनिटे यांचा हिशेब मांडणाऱ्या माझ्यासारख्याला हे सूत्र जरा टोचतेच. किरणोत्सवाचे गणित मला आजीपेक्षा जास्त येते, पण पट्टा चरणांना लागताना तिचा चेहरा जसा होई तसा माझा होत नाही. तेव्हा जाणले म्हणजे प्रेम आले, असे म्हणता येणार नाही. माझे म्हणणे उलट्या बाजूचे आणि मर्यादित आहे : प्रेम असले तर जाणण्याची भूक लागते. ती लागत नसेल आणि प्रश्न निघताच राग येत असेल, तर आपण देवाला जपतो आहोत की देवाविषयीच्या आपल्या ठाम मताला, हे एकदा तपासून पाहावे. काकूंचे ‘देवी रागावली’ हे उत्तर श्रद्धेचेच होते, पण ते दिल्यावर छपरांकडे बघायचे कारण उरत नव्हते.

पुढच्या किरणोत्सवाला जाणार असाल तर एक सुचवतो. सगळे जण मूर्तीच्या मुखाकडे पाहत असतात; तुम्ही आधी पितळी उंबऱ्यावर नजर ठेवा. पट्ट्याची कड तिथे कधी लागली आणि चरणांपर्यंत कधी गेली, याच्या दोन वेळा टिपून ठेवा, आकाशात क्षितिजाजवळ ढग होते की नाही तेही लिहा. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि फेब्रुवारीत साडेसहाच्या आसपास, तेव्हा पोहोचायची वेळ त्याप्रमाणे धरा. नमस्कार करायला मधला वेळ पुरतो. आजीची वही आता माझ्याकडे आहे आणि तिच्या मागच्या बाजूला अजून अकरा पाने कोरी आहेत.